नळापासून पेल्यापर्यंत

चैत्र उजाडला की महाराष्ट्रात पाण्याची गोष्ट निघते, आणि ती बहुधा एकाच अंगाने निघते. धरणात किती पाणी उरले, विहिरीचा तळ दिसू लागला काय, टँकर किती गावांना लागले, नळ दिवसाआड येणार की चार दिवसांनी, हे प्रश्न वर्तमानपत्रांतून, कचेऱ्यांतून आणि घरोघरच्या ओट्यांवरून सारखे विचारले जातात. ते विचारणे योग्यच आहे. परंतु उन्हाळ्याच्या पाण्याचा आणखी एक प्रश्न असतो व तो क्वचितच कोणी विचारतो. जे थोडके पाणी घरात आले ते पिण्याच्या क्षणापर्यंत निर्दोष राहिले काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाऊस, सरकार व नगरपालिका यांच्या हाती असते. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळ अंशी मोरीच्या कट्ट्यावर आणि स्वयंपाकघरातील तिवईवर ठरते.

२०१६ सालापासून महाराष्ट्राचा जलसंपदा विभाग १६ ते २२ मार्च हे दिवस जलजागृती सप्ताह म्हणून पाळतो. ज्या वर्षी ही प्रथा सुरू झाली, त्याच वर्षीच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. सप्ताहाचा अखेरचा दिवस, २२ मार्च, हा १९९३ पासून पाळला जाणारा जागतिक जलदिन होय. या दिवसांत नद्यांचे पाणी कलशात आणून पूजन होते, शाळकरी मुलांच्या फेऱ्या निघतात, निबंधांच्या व चित्रांच्या स्पर्धा होतात आणि पाणी जपून वापरण्याची शपथ घेतली जाते. या सर्व समारंभाचा मुख्य शब्द ‘बचत’ हा असतो. तो आवश्यक आहे यात शंका नाही. मात्र जे पाणी वाचविले ते घरात येऊन बिघडले, तर त्या बचतीचा उपयोग काय? म्हणून ‘जपणे’ या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ ध्यानी घ्यावयास हवेत. पाणी सांडू न देणे हा एक अर्थ, आणि ते नासू न देणे हा दुसरा.

योगायोग असा की, याच सप्ताहात पाण्याच्या इतिहासातील दोन मोठ्या तिथी पडतात. सार्वजनिक खर्चाची पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांस खुली असावीत, असा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडून संमत करून घेतला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह त्या तळ्यावर गेले व त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळे ‘शुद्ध’ करण्याचा विधी केला. गाईचे शेण, गोमूत्र, दूध व दही यांचे मिश्रण घागरींतून तळ्यात ओतण्यात आले. पुढे खटला चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने तळ्यावरील सर्वांचा हक्क मान्य केला.

या प्रसंगाचा सामाजिक अर्थ सर्वांस ठाऊक आहे. आरोग्याच्या दृष्टीनेही त्यात एक धडा आहे. माणसांच्या ओंजळीने ज्या पाण्यास अशुद्ध ठरविले, त्याच पाण्यात शेण मिसळून त्यास शुद्ध म्हणण्यात आले. पाणी निर्दोष आहे की सदोष, याचा निवाडा डोळ्यांनी वा रूढीने करावयाचा म्हटला म्हणजे असा घोटाळा होतो. रोगजंतूंस जात समजत नाही. पाणी कोणाच्या हाताने बिघडते, या प्रश्नाला शास्त्राचे उत्तर एकच आहे : न धुतलेल्या हाताने. तो हात कोणत्याही घरातला असो. सोवळ्यातल्या पाण्याच्या हंड्यात बोटे बुडवून गडू भरला, तर त्या सोवळ्याने कॉलऱ्याचा जंतू अडत नाही.

नगरपालिकेचे शुद्धीकरण केंद्र काय करते, हे थोडक्यात पाहिले म्हणजे पुढचे समजणे सोपे जाईल. नदीचे किंवा तलावाचे पाणी तेथे आले की प्रथम त्यात तुरटी मिसळतात. तुरटीने पाण्यातील बारीक गाळाच्या गुठळ्या होतात व त्या तळाशी बसतात. मग ते पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते. येथपर्यंत पाणी स्वच्छ दिसू लागते, पण त्यात जंतू असू शकतात. म्हणून शेवटी त्यात क्लोरीन घालतात. खेड्यांतून हेच काम टीसीएल या पांढऱ्या भुकटीने होते व ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते. ही भुकटी हवा व ओल लागली की निःसत्त्व होते. सबब उघड्या पोत्यातील जुनी भुकटी विहिरीत कितीही टाकली, तरी नुसते समाधानच पदरी पडते.

क्लोरीनचे काम केंद्रातच संपत नाही. त्याचा थोडा अंश नळातून घरापर्यंत यावा लागतो. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी दर लिटर पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा. हा उरलेला अंश म्हणजे वाटेवरचा पहारेकरी होय. वाटेत थोडीशी घाण शिरली, तर तो तिच्याशी झुंजतो. कित्येक घरांत नळाच्या पाण्याला ‘औषधाचा वास’ येतो म्हणून नाके मुरडली जातात. वस्तुतः वास अजिबात नसेल, तेव्हा चौकशी करावयास हवी. परीक्षाही सोपी आहे. बाटलीत थोडे पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे काही थेंब टाकले असता पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन आहे. पाणी जसेच्या तसे राहिले, तर पहारेकरी जागेवर नाही. परीक्षेचे ते पाणी मात्र पिऊ नये, फेकून द्यावे.

आता केंद्रातून निर्दोष निघालेले पाणी बिघडते कोठे? पहिली जागा म्हणजे जमिनीखालचा नळ. नळ सदोदित भरलेला व दाबाखाली असेल, तर त्यास चीर असली तरी पाणी आतून बाहेर जाते. परंतु दिवसाआड तासभर पाणी सोडले, म्हणजे उरलेल्या वेळात नळ रिकामा होतो. पाणी उताराकडे ओसरताना मागे ओढ निर्माण होते, आणि फुटक्या सांध्यांतून भोवतालची ओल आत खेचली जाते. शेजारी गटार असेल, तर ती ओल कसली असते हे सांगणे नको. पुष्कळ गावांत घरचा नळ रस्त्यालगतच्या खड्ड्यात असतो व खड्ड्यात सांडपाणी साचलेले असते. त्यात काही मंडळी थेट नळालाच विजेचा पंप लावतात. पंप जसा पाणी ओढतो तशी घाणही ओढतो, आणि तो लावणाऱ्याबरोबर सगळ्या आळीला ती प्यावी लागते. याचा अर्थ असा की, उन्हाळ्यातील टंचाई नुसते पाणी कमी करीत नाही, ती आहे ते पाणीही धोक्यात आणते.

२०१२ सालच्या उन्हाळ्यात इचलकरंजी येथे काविळीची मोठी साथ आली व तिने अनेकांचे प्राण घेतले. दूषित पाण्यातून पसरणारा ‘हिपॅटायटिस ई’ हा विषाणू तिच्या मुळाशी होता. हा रोग गर्भवती स्त्रियांस, विशेषतः अखेरच्या महिन्यांत, फार घातक ठरतो. त्याचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, दूषित पाणी प्यायल्यानंतर रोग उघड होण्यास अनेक आठवडे, सरासरीने सुमारे चाळीस दिवस लागतात. तोपर्यंत गढूळ पाणी आल्याचा तो दिवस लोक विसरून गेलेले असतात. म्हणूनच नळास गढूळ किंवा दुर्गंधी पाणी आले, की त्याच दिवशी पाणीखात्यास कळविणे हे शेजारधर्माचे काम आहे. पाणी खंडित होऊन पुन्हा सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे आलेले पाणी धुण्याभांड्यास वापरावे आणि पिण्याचे पाणी त्यानंतर भरावे.

पाणी बिघडण्याची दुसरी जागा घर ही होय. पाणवठ्यावरचे पाणी व घरातल्या भांड्यातले पाणी यांची तुलना करणारे निरनिराळ्या देशांतील अनेक अभ्यास एकत्र करून २००४ साली तपासण्यात आले, तेव्हा असे आढळले की पाणवठ्याच्या मानाने घरातले पाणी पुष्कळदा अधिक दूषित असते. याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. लहान मूल खेळून येते, माठावरचे झाकण काढते, पेला मनगटापर्यंत बुडविते, अर्धे पाणी पिते आणि उरलेले परत माठात ओतते. त्या पेल्याबरोबर त्याच्या नखांतली मातीही माठात जाते. पुढे दिवसभर घरातील सर्व माणसे तेच पाणी पितात.

या बाबतीत जुन्या पाणपोईकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोई घालणे हे महाराष्ट्रात पुण्यकर्म मानले गेले. सावलीत रांजण मांडलेले, त्यांच्या तोंडास फडके बांधलेले, पाण्यात वाळ्याची जुडी आणि वाढणाऱ्याच्या हातात लांब दांड्याचे ओगराळे. पिणारा ओंजळ पुढे करी व वाढणारा वरून धार धरी. कित्येक ठिकाणी ही धार शिवाशिवीच्या बुद्धीने धरली जात असे. ती बुद्धी गेलीच पाहिजे. पण ते ओगराळे जाण्याचे कारण नव्हते. पिणाऱ्याचा हात पाण्यास लागू न देण्याची ती युक्ती, सर्वांस सारख्याच रीतीने लागू केली, तर आरोग्याचा उत्तम नियम आहे. आजच्या पाणपोईवर मात्र साखळीने बांधलेला एकच पेला शंभर जणांच्या ओठांस लागतो, अथवा पिंपाचे झाकण उघडून जो तो पेला बुडवितो. पाणपोई घालणाऱ्या मंडळांनी तोटीचे भांडे व झाकण यांची तजवीज केली आणि पाणी वाढावयास एक माणूस बसविला, तर त्यांच्या पुण्यकर्मात न्यून राहणार नाही.

उन्हाळ्याच्या जत्रांतून सरबतात जो बर्फ पडतो, त्याचीही चौकशी करावी. पाणी निर्दोष असून बर्फ सदोष असला, तर पेला सदोषच ठरतो. गोठल्याने सर्व जंतू मरतात ही समजूत खोटी आहे. मासळी व इतर माल थंड ठेवण्यासाठी केलेला अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळसर रंग घालण्याचा नियम महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली लागू केला, तो एवढ्यासाठीच.

कोणी म्हणेल, एवढ्या बारीकसारीक काळजीने काय साधणार? रोग मोठे आणि फडके लहान. या शंकेचे उत्तर नारूच्या इतिहासात आहे. आज तरुण पिढीस हे नावही अपरिचित आहे, पण वडीलधाऱ्यांस ते आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीतील पाण्यात सायक्लॉप्स नावाचा बारीक पाणकिडा असतो. नारूची पिल्ले त्याच्या पोटात वाढत. ते पाणी प्यायले की सुमारे वर्षभराने माणसाच्या पायावर फोड येई, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा, कधी कधी हातभराहून लांब असा कृमी हळूहळू बाहेर पडे. आग शमविण्यासाठी रोगी तोच पाय विहिरीत बुडवी व कृमी पुन्हा हजारो पिल्ले पाण्यात सोडी. या रोगावर लस नव्हती व त्यास बरे करणारे औषधही नव्हते. तरीही तो गेला. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पायऱ्यांच्या विहिरींत उतरणे बंद करण्यात आले, हातपंप बसविले, विहिरींत पाणकिडे मारणारे औषध टाकले आणि घरोघरी पाणी दाट फडक्यातून गाळून घेण्यास शिकविले. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. ज्या रोगापुढे औषधे हरली त्यास सरकारची विहीर आणि गृहिणीचे फडके यांनी मिळून हरविले. दोहोंपैकी एकानेच ते साधले नसते.

मात्र प्रत्येक उपायाची मर्यादा ओळखावी. चार पदरी जुन्या साडीतून पाणी गाळल्याने कॉलऱ्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे बांगलादेशातील प्रयोगात २००३ साली दिसून आले. कारण कॉलऱ्याचे जंतू पाणकिड्यांस चिकटून राहतात. काविळीचा विषाणू मात्र फडक्यातून सहज निसटतो. तुरटीने पाणी निवळते, पण निवळलेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. पाणी खळखळून उकळू लागल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे, हा सर्वांत भरवशाचा उपाय होय. आणि ते त्याच भांड्यात झाकून गार करावे, कारण न धुतलेल्या माठात ओतले की केलेले काम वाया जाते. इंधन परवडत नसेल तेथे स्वच्छ पारदर्शक बाटलीत निवळ पाणी भरून कडक उन्हात सहा तास ठेवले तरी बहुतेक जंतू मरतात. अलीकडच्या विजेच्या शुद्धीकरण यंत्रांतून येणारे पाणी चांगले असते. पण त्यांपैकी बहुतेकांतून क्लोरीनही निघून जातो, म्हणून ते पाणी भांड्यात साठवून बोटे बुडविल्यास त्याचे रक्षण करणारे काही उरत नाही.

घरासाठी नियम थोडेच आहेत. पिण्याचे पाणी व वापरावयाचे पाणी यांची भांडी निराळी असावीत. पिण्याचे भांडे मुलांच्या व जनावरांच्या हातातोंडास लागणार नाही अशा उंचीवर, झाकून ठेवावे. त्यास तोटी असावी. नसल्यास लांब दांड्याचे ओगराळे शेजारी टांगलेले असावे. माठ रोज आतून घासून धुवावा. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी हात साबणाने धुवावेत. पाणी दिवसाआड येते म्हणून जी पिंपे व टाक्या भरून ठेवाव्या लागतात, त्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून, घासून, कोरड्या कराव्यात. अंड्यापासून डास होण्यास आठवडाभर पुरतो, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. आरोग्य खाते ज्यास कोरडा दिवस म्हणते तो हाच.

इतके करूनही हगवण लागलीच, तर भीती खरी पाणी शरीराबाहेर जाण्याची असते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने कहर केला व शिरेतून द्यावयाचे द्रावण संपले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी साखर व मीठ यांचे पाणी तोंडाने पाजण्याचा मार्ग धरला. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. औषधाच्या दुकानातील पुडी तत्काळ न मिळाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजावे आणि रोग्यास दवाखान्यात न्यावे. येथेही पाणी सदोष असेल, तर औषधच रोग वाढवील.

हे सर्व घरावर टाकून नगरपालिकेने मोकळे व्हावे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. घरातील पाण्याची ही कामे बहुधा स्त्रियांच्या वाट्यास येतात. जेथे नळच गटारातून गेला आहे तेथे त्यांनी किती उकळावे आणि कशावर उकळावे? सातारा जिल्ह्यात कऱ्हाडलगतच्या मलकापूर या लहान गावाने चोवीस तास नळास पाणी ठेवण्याची योजना यशस्वी करून दाखविली. नळ सदैव भरलेला असला की बाहेरची घाण आत येत नाही, साठवण लागत नाही आणि मीटरमुळे उधळपट्टीही होत नाही. जे मलकापुरास साधले ते मोठ्या शहरांनी अशक्य म्हणून सोडून देऊ नये.

म्हणून जलजागृतीच्या सप्ताहात गावाने दोन्ही पक्षांचा हिशेब मांडावा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणवठ्यांची पाहणी पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी वर्षातून दोनदा होते. धोका फार असल्यास लाल, मध्यम असल्यास पिवळे व थोडा असल्यास हिरवे कार्ड मिळते. सतत पाच वर्षे हिरवे कार्ड राखून साथ येऊ न देणाऱ्या गावास चंदेरी कार्ड देतात. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे किती गावकऱ्यांस ठाऊक असते? ते चावडीवर लावावे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनाप्रमाणे प्रत्येक गावात पाच स्त्रियांनी पाणी तपासण्याचे शिक्षण घ्यावयाचे आहे. त्यांच्याकडून गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाचे पाणी सर्वांसमक्ष तपासून घ्यावे, कारण क्लोरीन प्रथम तेथेच संपतो. जलकुंभ शेवटचा केव्हा धुतला ती तारीख त्याच्यावर रंगवावी. गळके सांधे व खड्ड्यातले नळ यांची यादी करून, दुरुस्त झालेल्या नळावर खूण करीत जावे. शाळेतील मुलांनी निबंध अवश्य लिहावा, पण त्याबरोबर आपल्या घरच्या माठाचे झाकण व ओगराळे यांची पाहणी करून यावी.

धरणापासून नळापर्यंतची पाण्याची वाट कित्येक कोसांची असते व तिच्यावर कोट्यवधी रुपये खर्च होतात. नळापासून पेल्यापर्यंतची वाट दहा पावलांची आहे. तिच्यावर खर्च होतो तो एका झाकणाचा, एका ओगराळ्याचा आणि साबणाच्या वडीचा. पहिली वाट बांधण्यास नगरपालिकेस भाग पाडणे हा नागरिकांचा हक्क आहे, आणि दुसरी राखणे हे त्यांचे काम आहे. मृगाचा पाऊस पडून साथींचे दिवस सुरू होण्यापूर्वी हे काम उरकून घेण्यास उन्हाळ्याचे हे दोन महिने पुरेसे आहेत.